इर्जिकीचं जेवण

पुणे,
१६ जानेवारी १९७०

ती. आक्का,

संक्रांतीला आलो नाही म्हणून तू धुसफुसत असशील. रागावण्याआधी माझं ऐकून घे. कारखाना सुटला की घोरावाडीला गाडी पकडतो आणि शिवाजीनगरला उतरून तसाच कॉलेजात जातो. वर्गात सगळे माझ्यासारखेच, दिवसभर नोकरी करून आलेले इंजिनिअर. कुणी पेंगतो, कुणी मागच्या बाकावर डबा उघडतो. तू मागे विचारलं होतंस, की एकदा इंजिनिअर झाल्यावर पुन्हा हे कसलं शिक्षण. आधी यंत्रं कशी चालवायची ते शिकलो, आता कारखाना आणि माणसं कशी चालवायची ते शिकतोय असं समज. ही मास्टर्सची पदवी आहे. ती असल्याशिवाय आमच्याकडे वरची खुर्ची मिळत नाही, निदान माझ्यासारख्याला, ज्याचा ना काका मॅनेजर ना मामा.

हे शेवटचं वर्ष. आता प्रत्येकाने आपल्याच कारखान्यातल्या एका कामाचा अभ्यास करून मोठा अहवाल लिहायचा आहे. मी साचेखातं निवडलं. दाजी आणि आपल्या दोन्ही वाड्यांची माणसं जिथे वाळू ठोकून साचे भरतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात, तेच. मी घड्याळ घेऊन त्यांच्यापाशी उभा राहणार आणि कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते टिपून घेणार. अडचण अशी की घड्याळ दिसलं की कामगार बिचकतात आणि मुद्दाम हात आखडतात. मग सगळा अभ्यासच फुकट जातो.

कारखान्यात मला दाजींशी हे बोलता येत नाही. तिथे ते मला साहेब म्हणतात आणि मी दुसरीकडे बघतो. गावात ज्यांच्या पाया पडतो त्यांना तिथे काय सांगणार? म्हणून तू सांग. म्हणावं, हा कंपनीचा हुकूम नाही, भिमाजीची परीक्षा आहे, त्याची लाज राखा.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो.

तुझा,
भिमाजी


तिकोणा पेठ,
२ फेब्रुवारी १९७०

चि. भिमाजी,

तुझ्या वाटणीचा तिळगूळ आईने फडक्यात बांधून ठेवला होता, तो मुंग्यांनी खाल्ला. आता गोड बोलायचं ते मुंग्यांशी बोल. आणि तू वेळेवर जेवतोस हे मी आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, माझाही नाही.

माणसं चालवायला शिकतोयस हे वाचून मला हसू आलं. आबांनी जन्मभर बैल चालवले, त्यांना कुणी झगा घालून पदवी दिली नाही. असो. चेष्टा पुरे.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी टोपी घातली आणि वरच्या वाडीला बहिरूकडे गेले. रविवार असल्यामुळे नवशा आणि कारखान्यातले बाकीचे सगळे तिथे होतेच. यांना नीट सांगता यायचं नाही या धास्तीने मीही मागून गेले. पण यांनी चांगलं सांगितलं. म्हणाले, "पोराची परीक्षा हाय. आपल्या डोंगरातला पयला सायेब हाय त्यो. इर्जिक हाय आसं समजा आन् कुनी हात राखू नका."

मग पुढे काही सांगावंच लागलं नाही. तू लहानपणीच वसतिगृहात गेलास, तरी इर्जिक विसरला नसशील. एकाच्या खाचरात सगळी वाडी लोटायची, मजुरीचं नावही कुणी काढायचं नाही. एरवी दुपारी बांधावर आडवा होणारा माणूससुद्धा त्या दिवशी पाणी प्यायला थांबत नसे. दुसऱ्याच्या शेतात आपली इभ्रत असते ना. धरणासाठी खालची खाचरं गेली तेव्हापासून वाडीत इर्जिक झालेलीच नाही. त्यामुळे माणसांना असा हुरूप आला की विचारू नकोस. बहिरू म्हणाला, शेतात नाही तर नाही, कारखान्यात घालू.

एकच ध्यानात ठेव. इर्जिक घातली की घरधन्याने सगळ्यांना जेवू घालायचं असतं. मजुरी बुडवली तर माणूस दारात येऊन भांडतो. हे जेवण बुडवलं तर कुणी काही बोलत नाही, पण पुन्हा त्या घरी पानावर बसत नाही. परीक्षेच्या गडबडीत विसरशील म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

तुझी,
रतनआक्का


पुणे,
२० मार्च १९७०

ती. आक्का,

काय लिहू? पहिल्या दिवशी मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच खात्यात शिरलो. नवशा वाळू ठोकायला लागला तो मान वर करेना. वितळलेल्या लोखंडाचं भांडं घेऊन माणसं अशी भराभर पावलं टाकत होती की माझाच जीव वर-खाली होत होता. बहिरूने तर भाताच्या आवणीचं गाणं धरलं, फोरमन धावत बघायला आला. दाजींनी जेवणाच्या सुट्टीत भाकरी उभ्यानेच खाल्ली आणि पुन्हा साच्यावर गेले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी अभ्यास करत होतो तितके सगळे दिवस हे असंच चाललं होतं. तुम्ही सगळ्यांनी माझी लाज राखली, आक्का.

तुला या शास्त्रातली एक गंमत सांगतो. नुसतं घड्याळ पाहून भागत नाही. समोरचा माणूस नेहमीच्या चालीने काम करतोय, रेंगाळतोय की जीव तोडून करतोय, हे घड्याळवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं असतं आणि त्याप्रमाणे वेळ वाढवून किंवा कमी करून धरायचा असतो. याला रेटिंग म्हणतात. नेहमीची चाल म्हणजे शंभर. माझे गाइड आकडे बघून चकित झाले. त्यांनी विचारलं, ही माणसं रोज अशीच काम करतात का? मी हो म्हटलं. सगळीकडे शंभर लिहून टाकलं. आता तिथे त्यांना इर्जिक कुठून समजावत बसू? शिवाय आकडे असे बोलके आले आहेत, की वर्गातल्या कुणाचाच अहवाल माझ्या जवळपास येणार नाही.

जेवणाचं लक्षात आहे. परीक्षा होऊ दे, सगळ्यांना पोटभर घालतो.

तुझा,
भिमाजी


तिकोणा पेठ,
२८ जून १९७०

चि. भिमाजी,

पास झालास, आणि तोही पहिला. आईने तुझ्या पत्राला हळदकुंकू लावलं, आता त्यातली निम्मी अक्षरं वाचता येत नाहीत. शेजारची बायडाबाई दोन्ही वाड्यांत सांगत फिरली. नवशा म्हणाला, मास्टर आपण सगळेच झालो, झगा तेवढा भिमाजीला मिळाला. त्याचं हसू तू पाहायला हवं होतंस.

मागच्या पत्रातलं ते शंभराचं मला नीटसं कळलं नाही. पण गाइडला तू हो म्हटलंस हे यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. "रोज? रोज कसं आसंल?" एवढंच म्हणाले. मी यांची समजूत घातली, की परीक्षेतलं उत्तर आहे ते, कोण खरं धरतंय. परीक्षेत काय लिहायचं ते मास्तरांना हवं तेच लिहायचं असतं, हे मला सातवीच्या फायनलपासून ठाऊक आहे.

माणसं जेवणाचं विचारत नाहीत, विचारायची रीतही नाही. पण मला रस्त्यात भेटली की तू कधी येणार ते विचारतात. त्याचा अर्थ तोच. एक रविवार काढ. भात आणि गुळवणी केली तरी चालेल, पण तू स्वतः वाढायला हवास.

तुझी,
रतनआक्का


खंडाळा,
११ ऑक्टोबर १९७०

ती. आक्का,

हे पत्र आमच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यातून लिहितोय. व्हरांड्यात बसलं की समोर सगळी दरी दिसते. काल साहेबांनी माझ्यासाठी मुद्दाम जेवण ठेवलं होतं. मुंबईचे दोन डायरेक्टर आले होते. सूप, कोंबडी, नंतर काचेच्या वाटीतून थंडगार फळं. एका डायरेक्टरने माझा अहवाल सगळ्यांसमोर उचलून दाखवला आणि म्हणाला, असा माणूस आम्ही इतके दिवस घोरावाडीच्या कारखान्यात वाया घालवला. मला आबांची आठवण झाली. याच खंडाळ्यात ते बंगलेवाल्यांना गवत विकायला यायचे आणि मागच्या दाराने आत जायचे. मी पुढच्या दाराने गेलो, आक्का. तुला हे कळेल म्हणून लिहितोय.

आणखी एक बातमी. मला मुंबईच्या हेड ऑफिसात घेतलं आहे, पुढच्याच आठवड्यात हजर व्हायचंय. पदवीने खुर्ची दिली ती अशी. दिवाळीनंतर साचेखात्यात माझ्या अहवालाप्रमाणे काम सुरू होईल. थोडी माणसं कमी होतील असं साहेब म्हणाले, पण ते त्यांच्या हातात. मी फक्त किती वेळ लागतो ते सांगितलं.

जेवणाचं आता या घाईत जमणार नाही. मे महिन्यात रजा काढून येतो, तेव्हा झोकात घालू.

तुझा,
भिमाजी


तिकोणा पेठ,
२० डिसेंबर १९७०

भिमाजी,

खंडाळ्याला काय काय जेवलास ते तू सगळं लिहिलंस. ते मी यांना वाचून दाखवलं नाही.

दिवाळीनंतर साचेखात्याच्या भिंतीवर रोज किती साचे व्हायला हवेत त्याचा आकडा लावला. तो आकडा इर्जिकीचा आहे. तुझ्यासाठी म्हणून ज्या चालीने हात चालवले, ती आता रोजची चाल ठरली. जो पुरी करणार नाही तो कामचुकार. आणि एवढ्या चालीने काम होत असेल तर इतकी माणसं हवीत कशाला, म्हणून बहिरूला काढलं. त्याच्याबरोबर आपल्या दोन्ही वाड्यांतली आणखी निम्मी माणसं गेली. बहिरूने गाणं म्हटलं होतं ना, त्याचंच नाव सगळ्यांच्या वर होतं.

नवशाला ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात आकडा गाठायला म्हणून तो लोखंडाचं भांडं घेऊन धावला आणि ते पायावर सांडलं. लोणावळ्याच्या दवाखान्यात आहे. बोटं राहतील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याची बायको रोज माझ्याकडे येऊन बसते, काही बोलत नाही. तिने ओरडून भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

यांना मात्र कुणी हात लावला नाही. साहेबाचा मेहुणा ना. आता वाडीत हे कुठे जाऊन बसले की बोलणं थांबतं. लोकांना वाटतं, इर्जिकीचं सोंग यांनी आणि तू मिळून रचलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ऐकून होते, तू तर घड्याळ लावून मोजलेस. आणि मोजायला माणसं मी गोळा करून दिली, हे मला गिळवत नाही.

मी रागावले आहे, खूप रागावले आहे. पण हे पत्र रागाने लिहीत नाही, एक मागायला लिहिते. माणूस जीव तोडून काम करत असेल तर घड्याळवाल्याने ते धरायचं असतं, हे तूच मला शिकवलंस. तर मॅनेजरला एक ओळ लिही: ही माणसं त्या दिवसांत माझ्यासाठी जीव तोडत होती, ही त्यांची रोजची चाल नाही. बस्स, एवढंच. आकडा उतरेल, माणसं पुन्हा घेतील. तू पहिला आलास तो आलासच, ते कोण काढून घेणार आहे?

वाट बघते.

रतन


मुंबई,
१४ जानेवारी १९७१

ती. आक्का,

तुझं पत्र पोचलं. कामाच्या व्यापात उत्तराला उशीर झाला.

नवशाचं वाचून वाईट वाटलं. कारखान्यातून जाड बूट मिळतात, ते घालायचा आपल्या लोकांना कंटाळा. मी असतानाही हेच होतं. बहिरूसाठी इकडे कुठे काही होतंय का ते बघतो.

तू म्हणतेस ती एक ओळ लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. ती लिहिली की अहवाल खोटा, अहवाल खोटा तर पदवी खोटी आणि ही खुर्चीही खोटी. आपल्या डोंगरातून पहिलाच माणूस इथवर आला आणि तोच लबाड निघाला, असं झालं तर मागून येणाऱ्या पोरांना कोण दारात उभं करेल? याचा विचार तू केलेला दिसत नाहीस. शिवाय मी जे लिहिलं ते अगदीच चूक होतं असंही नाही. ते काम माणसांनी माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. एकदा जमलं ते रोज का जमू नये? आपल्या देशाला हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि मी काहीच केलं नाही असं समजू नकोस. कमी करायच्या माणसांची यादी पक्की होण्याआधी मला दाखवली होती. तीत दाजींचं नाव होतं, ते मी शब्द टाकून काढायला लावलं. तेवढं तरी लक्षात घे.

आईची काळजी घे. तिळगूळ पाठवू नकोस, इथे मिळतो.

तुझा,
भिमाजी


तिकोणा पेठ,
२ फेब्रुवारी १९७१

भिमाजी,

कार्डावर मावेल एवढंच लिहिते. तुझं पत्र मी यांना सगळं वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं नाही. यादी तू आधी पाहिली होतीस, तिथपर्यंत हे ऐकत होते. आपलं नाव तुझ्या शब्दाने निघालं हे कळल्यावर उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात गेलेले नाहीत. आता धरणावर खडी फोडायला जातात. बहिरूही तिथेच आहे. पहिले काही दिवस तो यांच्याशी बोलत नव्हता, आता तंबाखू मागतो.

नवशाची तीन बोटं काढली.

रतन


मुंबई,
३० एप्रिल १९७१

ती. आक्का,

बरेच दिवस तुझं पत्र नाही. मागचं सगळं मनातून काढून टाक, आपण दोघं भावंडं आहोत. सोबत पदवीदान समारंभातला फोटो पाठवतोय. झगा भाड्याचा आहे, पण फोटोत कळत नाही.

महत्त्वाचं म्हणजे आईचं छप्पर. दोन वर्षं ते शाकारलेलं नाही. यंदाही तसंच राहिलं तर आषाढात म्हातारी भिजत बसेल. मला रजा मिळत नाही. मजूर लावावेत तर एवढ्या वर वाडीला कोण येणार? म्हणून मला सुचलं की तू इर्जिक घाल. माझ्या नावाने घाल. आपली माणसं आहेत, आईच्या घराला नाही म्हणायची नाहीत. मनीऑर्डर करतोय. तांदूळ जुना आण, गूळ चांगला बघून घे, हात आखडू नकोस. मागचं राहिलेलं जेवणही त्यातच होऊन जाईल, म्हणजे माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

फोटो दारावर लाव. माणसं पंगतीला बसतील तेव्हा सगळ्यांना दिसेल.

तुझा,
भिमाजी


तिकोणा पेठ,
२५ मे १९७१

भिमाजी,

तुझी मनीऑर्डर मिळाली. ती परत पाठवावी असं वाटत होतं. पण आईचं छप्पर खरोखरच कुजलं होतं, आणि मी एकटी किती गवत चढवणार? म्हणून मन घट्ट करून घरोघर गेले. तुझ्या नावाने बोलावणं आहे हेही सांगितलं, लपवलं नाही. कुणी हो म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही. मी परत आले ती कुणी येणार नाही असं धरूनच.

रविवारी उजाडताच सगळी आली. कारखान्यातून काढलेली आली, कारखान्यात अजून टिकून असलेली आली. बहिरूने आपल्या घरचं गवत भारे बांधून आणलं होतं, तुझ्या पैशाचं गवत घ्यायची वेळच आली नाही. नवशा काठी टेकत आला आणि खाली बसून पेंढ्या बांधून देऊ लागला. हे छपरावर चढले. यांच्या शेजारी बहिरू चढला. जुनं गवत उतरलं, वासे बदलले, नवं गवत चढलं. तुला घड्याळ लावून बघायला हवं होतं, इतके हात चालत होते. गाणं मात्र कुणी म्हटलं नाही.

मी आणि बायडाबाई पहाटेपासून चुलीपाशी होतो. जुन्या तांदळाचा भात केला, गुळवणी केली, तू म्हणालास तसा हात आखडला नाही. उन्हं कलायच्या आत छप्पर झालं. मी अंगणात सडा टाकला, पत्रावळी मांडल्या, प्रत्येक पानापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि माणसांना म्हटलं, बसा.

बहिरूने हात धुतले. मला वाटलं आता बसेल. त्याने कोयता उचलला आणि म्हणाला, "रतनबाय, घर म्हातारीचं हाय म्हून आलो. जेवान सायबाचं हाय."

रागाने म्हणाला नाही. रस्ता सांगावा तसं सांगितलं. मग एकेक जण मला नमस्कार करून गेला. नवशाला उठायला वेळ लागला, त्याला कुणीतरी हात दिला. सगळ्यांत शेवटी हे होते. माझ्याकडे बघून उभे राहिले, मला वाटलं माझ्यासाठी तरी थांबतील. तेही गेले. त्यांना मी बोल लावत नाही. मीही जेवले नाही, बायडाबाईही तशीच घरी गेली. भात गुरांपुढे ठेवला.

छप्पर पक्कं झालंय, तीन-चार वर्षं बघायला नको. तुझा फोटो ट्रंकेत ठेवला आहे.

आई दिवसभर दारात बसली होती. तिला आता माणसांच्या नुसत्या सावल्या दिसतात. मी पत्रावळी गोळा करत होते, तो आवाज ऐकून तिने विचारलं, "माज्या भिमाजीच्या जेवनाला समदी बसली का गं? पोटभर जेवली का?"

मी हो म्हटलं.

रतन